भिंतीवरची रेघ

येत्या १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन आहे. त्या दिवशी सकाळीच शाळेच्या बॅचचे, सोसायट्यांचे, गडवाटा तुडवणाऱ्यांचे, पक्षी पाहणाऱ्यांचे असे सगळे गट जागे होतील. ‘मोबाईलवर काढलेला आवडता फोटो टाका, एकच टाका’ अशी सूचना येईल. दुपारपर्यंत एकाचे पाच झालेले असतील आणि रात्री कुणीतरी बदाम मोजून पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक जाहीर करील. या उत्साहाबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. गेल्या वर्षी अशाच एका छोट्या स्पर्धेचं परीक्षण माझ्याकडे आलं होतं. विषय होता ‘पाऊस’. त्रेसष्ट फोटो आले होते आणि त्यातला सर्वांत मोलाचा फोटो मी पहिल्या फेरीत अंगठ्यानं वर सरकवून पुढे गेलो होतो. त्या फोटोकडे मी परत कसा आलो, हे सांगायला हा दिवस योग्य निमित्त आहे असं वाटतं.

आधी तारखेबद्दल. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये विज्ञान अकादमी आणि ललित कला अकादमी यांची संयुक्त बैठक भरली आणि फ्रान्स्वा आरागो या भौतिकशास्त्रज्ञानं तिथे लुई दागेरची कृती जाहीर केली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर आयोडिनची वाफ, मग कॅमेऱ्यातला उजेड, मग पाऱ्याची वाफ. फ्रेंच सरकारनं दागेरला आणि त्याचा दिवंगत सहकारी निसेफोर निएप्स याच्या मुलाला पेन्शन बांधून दिली आणि कृती सर्वांसाठी खुली केली. (इंग्लंडपुरतं मात्र दागेरनं पाचच दिवस आधी पेटंट घेऊन ठेवलं होतं.) म्हणजे आपण जो दिवस पाळतो तो कॅमेऱ्याच्या शोधाचा नाही. एक कृती कुणाच्या तिजोरीत न राहता चारचौघांत आली, त्याचा हा दिवस आहे.

ती मुंबईत यायला वेळ लागला नाही. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास यांच्या संस्था त्यानंतरच्या. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतले एक हौशी आणि जाणते छायाचित्रकार. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. काचा, रसायनं, तिपाई, काळं कापड, सगळंच जड आणि महाग होतं. तरीही ही मंडळी एकत्र जमत, कारण एकट्यानं शिकता येईल अशी ही विद्या नव्हती. एकाच्या काचेवर डाग का आला, दुसऱ्याचं आकाश का जळलं, हे एकमेकांच्या चित्रांवर वाकून पाहिल्याशिवाय कळत नसे. फोटो काढणं आणि फोटो मिळून पाहणं या दोन गोष्टी आपल्याकडे पहिल्या दिवसापासून बरोबर आल्या.

छत्तीसच्या रोलपर्यंत ती जोडी टिकून होती. रोल धुवायला टाकायचा, चार दिवसांनी पाकीट आणायचं, मग घरातले सगळे सतरंजीवर बसून एकेक फोटो हातात घेणार. ‘कडेला धर, बोटं उमटतील’ असं कुणीतरी म्हणणारच. एक फोटो सहा-सात हातांतून फिरायचा, आणि फिरताना त्याच्याबद्दल बोललं जायचं: ही कोण, ही साडी कधीची, मागे उभा आहे तो शेजारचा का. आज मोबाईलमुळे काढण्याची अडचण पूर्ण संपली आहे. मिळून पाहणं मात्र जवळजवळ संपलं आहे. एका फोटोवर आपली नजर सेकंदभर ठरत नाही, आणि बदाम टाकला की पाहून झालं असं आपल्याला वाटतं.

मोबाईलवरून फोटो पाठवण्याची पहिली गाजलेली गोष्ट ११ जून १९९७ची. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या एका रुग्णालयात फिलिप कान याची मुलगी जन्माला आली. त्यानं डिजिटल कॅमेरा, मोबाईल आणि लॅपटॉप वायरींनी एकमेकांना जोडले आणि बाळाचा फोटो दोन हजारांहून अधिक ओळखीच्या लोकांना तिथूनच पाठवला. त्या चित्रात रचना नव्हती, प्रकाशयोजना नव्हती. घरातली बातमी होती, आणि ती घरातल्याच माणसानं काढलेली होती. मोबाईलच्या छायाचित्राचं मोठेपण मला या गोष्टीत दिसतं. स्टुडिओतला फोटोग्राफर माजघरात येऊ शकत नव्हता, वर्तमानपत्राचा येई तो बातमी घडून गेल्यावर. मोबाईल आधीपासूनच माजघरात असतो. सुईणीच्या पिशवीत, ऊसतोड कामगाराच्या खिशात, रात्रपाळीच्या परिचारिकेच्या टेबलावर. जे आजवर बाहेरच्या माणसाच्या नजरेतूनच दिसत होतं, ते आतल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतः दाखवता येतं.

म्हणून परीक्षक म्हणून माझा पहिला प्रश्न आता असा असतो: हा फोटो यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला काढता आला असता का?

हा प्रश्न घेऊन बसलं की बऱ्याच देखण्या फोटोंची अडचण होते. पावसाच्या स्पर्धेत धुक्यातले गड होते, धबधबे होते, अळूच्या पानावरचे थेंब होते, रात्रीच्या ओल्या डांबरावर पसरलेले लाल-पिवळे दिवे होते, आणि कांदाभजी-चहा तर किमान सहा ठिकाणी. त्यात वाईट असं काहीच नव्हतं. पण थेंब असलेलं अळूचं पान कुणाच्याही परसातलं असू शकतं, आणि ते पान मी आधी शेकडो वेळा पाहिलेलं होतं. आपण सगळेच एकमेकांचे फोटो पाहून फोटो काढायला शिकतो, त्यामुळे असं होतं. ज्याला बदाम मिळाले ते पुढच्या वेळी दहाजण काढतात. बदाम मोजून क्रमांक देण्याला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी. त्यात ओळखीचं जिंकतं. नवं काही दाखवणारा फोटो पहिल्या क्षणी थोडा अनोळखी, कधी कधी कुरूपही वाटतो आणि अनोळखी गोष्टीवर अंगठा थांबत नाही.

तंत्राबद्दल थोडंसं. क्षितिज वाकडं नसावं, मुख्य विषय चौकटीच्या बरोबर मधोमध न ठेवता एकतृतीयांशावर ठेवावा, आकाश पांढरंफटक पडू नये. हे सगळं खरं, आणि कुठल्याही नवशिक्याला आठवड्याभरात जमण्यासारखं. मोबाईलचे स्वतःचे काही गुणदोष मात्र परीक्षकानं समजून घ्यायलाच हवेत. त्याचं मुख्य भिंग बरंच रुंद पाहतं, म्हणून जवळ जाऊन माणसाचा चेहरा काढला की नाक मोठं आणि कान लहान होतात. चार पावलं मागे जाऊन दुपटीचं भिंग वापरलं तर आजीचा चेहरा आजीसारखा येतो. त्याचा सेन्सर नखाएवढा असल्यामुळे मागची धूसरता बहुतेक वेळा भिंगानं न येता हिशेबानं येते, आणि तो हिशेब केसांच्या बटेपाशी, चष्म्याच्या काडीपाशी चुकतो. एकदा बटण दाबलं तरी आत अनेक चौकटी घेऊन त्यांची एक केलेली असते. हे वाईट नाही, त्यामुळेच काजळीभरल्या स्वयंपाकघरातही फोटो निघतो. पण यंत्र काय करतं हे माहीत नसेल तर परीक्षक यंत्रालाच बक्षीस देऊन बसतो.

आणि यंत्र सगळ्यात जास्त ढवळाढवळ करतं ती चेहऱ्यांत. याबद्दल मला थांबून बोलायचं आहे. अनेक मोबाईलमध्ये चेहरा उजळवण्याची, त्वचा गुळगुळीत करण्याची सोय आधीपासूनच चालू असते, वापरणाऱ्यानं मागितलेली नसताना. हा कल जुना आहे. फिल्मच्या काळात प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅकची जी नमुनाकार्डं असत त्यांवर अनेक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे, आणि तिची त्वचा नीट आली की फोटो नीट आला असं धरलं जाई. पुढे यात सुधारणा व्हायला लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारी कारण झाल्या. तपकिरी रंगाच्या छटा आमच्या जाहिरातींत दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसांच्या तक्रारींना मात्र तेवढं बळ मिळालं नव्हतं. २०२१ साली गूगलनं आपल्या फोनमध्ये सर्व वर्णांच्या त्वचा खऱ्या दिसाव्यात म्हणून वेगळी सोय केल्याचं जाहीर केलं, म्हणजे तोवर त्या खऱ्या दिसत नव्हत्या हेच त्यातून कबूल झालं.

ज्या भाषेत सावळेपण देवाचं विशेषण आहे, त्या भाषेतल्या माणसांनी हे मुकाट्यानं सोसू नये. आषाढीच्या दिवसांत वारीचे शेकडो फोटो येतात. पंधरा-सतरा दिवस उन्हापावसात चाललेल्या बाईचा चेहरा त्यांत पिठासारखा पांढरा झालेला असतो, कपाळावरचा घाम पुसून टाकलेला असतो, सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या. आणि खाली लोक लिहितात, ‘किती प्रसन्न!’ संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा यांची जी छायाचित्रं काढली, सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांची जी काढली, ती पाहिली की कळतं, माणसाचा रंग आणि घाम जसाच्या तसा ठेवणं म्हणजे त्याला मान देणं. त्यांनी त्या माणसांत वर्षं घालवली होती. मोबाईल असलेल्या वारकऱ्याला तेवढी वाट पाहावी लागत नाही, तो त्यांच्यातलाच आहे. फक्त ती उजळवण्याची सोय बंद करून ठेवावी, आणि परीक्षकानं उजळलेल्या चेहऱ्याला गुण देऊ नयेत.

खऱ्या-खोट्याचा प्रश्न याच रस्त्यावर पुढे लागतो. मे संपताना आणि पाऊस तोंडावर आला असताना भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे पाहायला झुंबड उडते. मग अख्खं झाड हजारो ठिपक्यांनी पेटल्याचे फोटो येतात. तसा फोटो एका क्षणाचा नसतो. बराच वेळ उघड्या ठेवलेल्या अनेक चौकटी एकावर एक रचून तो बनतो. तो खोटा म्हणता येणार नाही, पण ‘मी असं पाहिलं’ असं त्याखाली लिहिलं तर ते मात्र खोटं होईल. कसा बनवला हे दोन ओळींत सांगितलं की प्रश्न मिटतो. जगभरच्या स्पर्धांना या प्रश्नानं छळलं आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंतानं सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये मिळालेलं बक्षीस नाकारलं, कारण त्याचं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेलं होतं आणि स्पर्धा त्यासाठी तयार आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. पुढच्याच वर्षी उलट घडलं. माइल्स अस्ट्रे यानं पोटावरची पिसं साफ करताना मान नाहीशी झालेल्या रोहित पक्ष्याचा खराखुरा फोटो दुसऱ्या एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात पाठवला, तो जिंकला, आणि खरा असल्यामुळे बाद झाला. त्या स्पर्धेचं नावच १८३९ या सालावरून ठेवलेलं होतं.

काजव्यांच्या बाबतीत मला फोटोच्या खरेपणाहून दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. काजव्यांचा लखलखाट हे जोडीदाराला घातलेलं बोलावणं असतं. त्यात शंभर मोबाईलचे फ्लॅश आणि टॉर्च पडले की ते बोलावणं कुणाला दिसत नाही, आणि गवतात खाली असलेल्या माद्या पायाखाली जातात. कास पठारावर फुलांत लोळून काढलेले फोटोही असेच. पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, पर्यटकांची संख्या बांधून दिली, तरी फुलांत एक पाऊल टाकायला फोटो हेच कारण पुरतं. पक्षी पाहणाऱ्यांच्या बऱ्याच गटांत घरट्याचे फोटो स्वीकारत नाहीत. कितीही सुंदर असो, स्वर्गीय नर्तकाचं असो की नवरंगाचं, घरट्याचा फोटो आला की तो काढून टाकतात आणि का काढला ते शांतपणे सांगतात. परीक्षणाचं इतकं चांगलं उदाहरण मी दुसरीकडे कमी पाहिलं आहे. आणि फोटोपायी जीव जातो तो फक्त काजव्यांचा नाही: मुंबई पोलिसांना २०१६ मध्ये समुद्रकाठच्या जागा सेल्फीसाठी धोक्याच्या म्हणून जाहीर कराव्या लागल्या त्या तरुण जीव गेल्यामुळे. कड्याच्या टोकावरच्या फोटोला आपण टाकलेला प्रत्येक बदाम पुढच्या मुलाला एक पाऊल पुढे ढकलतो, हे टाकताना आठवावं.

दाद द्यायची कशी, हे खरं तर आपल्याला शिकवावं लागू नये. गाण्याच्या बैठकीत जाणकार मान डोलावतो ती गायकानं एखादी जागा घेतली त्या क्षणी, आणि कुठली जागा ते शेजारच्यालाही कळतं. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एकसारखं ‘वाहवा’ म्हणणाऱ्याकडे गायकाचं लक्ष राहत नाही. फोटोखाली ‘अप्रतिम’, ‘क्या बात’, ‘निव्वळ सुंदर’ लिहिणं त्यातलंच. त्याऐवजी एकच वाक्य लिहावं: खिडकीच्या गजाची सावली बाळाच्या गालावर पडली आहे ती मला आवडली. किंवा, उजवीकडचा विजेचा खांब नजर खेचून घेतो, डावीकडे सरकून काढला असता तर? असं एक वाक्य लिहायला फोटो निदान अर्धा मिनिट पाहावा लागतो. काढणाऱ्यालाही आयुष्यभर पुरेल असं काही मिळतं. मला तरुणपणी माझ्या एका फोटोबद्दल एक ज्येष्ठ एवढंच म्हणाले होते, की तू पायांपाशी कापलंस, ती बाई अनवाणी होती का ते आता कळणार नाही. त्यानंतर मी कुणाचेही पाय विचार केल्याशिवाय कापलेले नाहीत.

आता त्या त्रेसष्ट फोटोंकडे. पहिली फेरी मी मोबाईलवरच केली, बारा मिनिटांत. अकरा फोटो बाजूला काढले. रात्री मनाला बरं वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे फोटो शेजारच्या दुकानातून पोस्टकार्ड आकारात छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. तेव्हा तो दिसला. अंधारलेला, किंचित वाकडा. एका खोलीची भिंत. खालचा भाग मातकट, वरचा फिकट पिस्ता रंगाचा, आणि दोन्हींच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली गाळाची सरळ रेघ. कोपऱ्यात टेकवलेला खराटा. खिळ्याला अडकलेलं, ओलं होऊन फुगलेलं कॅलेंडर. खाली गावाचं नाव होतं, चिपळूण, आणि साल २०२१. पावसाच्या स्पर्धेतला तो एकच फोटो असा होता ज्यात पाऊस पडून गेलेला होता. त्याला तीन बदाम मिळाले होते.

मी भिंग आणून पाहिलं. रेघ कॅलेंडरवरूनही गेली होती. उभे वार छापलेल्या त्या पानावर रविवारपासून बुधवारपर्यंतच्या ओळी स्वच्छ होत्या आणि गुरुवारपासून खालचं सगळं गाळात होतं. २२ जुलै २०२१, वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तो दिवस गुरुवार होता. रेघ तिथे यावी हा निव्वळ योगायोग. काढणाऱ्या बाईंनाही तो ठाऊक नव्हता, हे मला नंतर कळलं. पण चिखल उपसायचं सोडून, खराटा भिंतीला टेकवून, त्यांनी ती रेघ टिपावी हा योगायोग नव्हता.

अंतिम फेरीसाठी मूळ फाइल मागवण्याचा नियम होता. नियम चांगला आहे. मूळ फाइलमध्ये फोटो कधी, कशावर काढला याची नोंद असते. व्हॉट्सॲपवरून साध्या प्रतीत आलेल्या फोटोत ती पुसली जाते आणि बारा मेगापिक्सेलचं चित्र दोनवर येतं. काजव्यांच्या एका फोटोचा उलगडा त्या नियमामुळेच झाला होता. पण या बाईंकडे मूळ फाइल नव्हती. तो मोबाईल कधीच गेला होता. त्यांनी पुण्यातल्या बहिणीला पाठवलेली प्रत तेवढी उरली होती आणि बहिणीनं ती परत पाठवली होती. फोटो बाद झाला. मी आयोजकांना लिहिलं, त्यांनी नियमावर बोट ठेवलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मात्र यंदाच्या नियमांत एक ओळ वाढवावी असं मी त्यांना सुचवलं आहे: मूळ फाइल का नाही हे स्पर्धकानं लिहून कळवावं आणि ते परीक्षकानं वाचावं.

बक्षिसं जाहीर झाली तेव्हा मी बाईंना वेगळं पत्र लिहिलं. त्यांच्या फोटोत काय काय दिसलं ते सविस्तर कळवलं, कॅलेंडरवरच्या गुरुवारासकट. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, की त्या खोलीला गणपतीच्या आधी पुन्हा रंग दिला, आता काही दिसत नाही. नातू विचारतो पाणी कुठवर आलं होतं, तेव्हा त्या बहिणीनं परत पाठवलेला तो फोटो काढतात, मोबाईल भिंतीशी धरतात आणि हातानं दाखवतात, इथवर.